नाण्याचे मोल : छत्तीसगढातील नाणेनिधी आणि मूल्यनिर्धारणाचा प्रश्न

जुने नाणे हाती आले की त्याच्याविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘याचे किती येतील?’ हा असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न काहीसा हलका वाटतो; तो सराफाकडे अथवा संग्राहकाकडे सोपवून अभ्यासक मोकळा होतो. वस्तुतः इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही हा प्रश्न कळीचा आहे. मातीतून वर आलेले नाणे मुशीत जाईल, तिजोरीत जाईल की संग्रहालयात जाईल, हे बहुधा त्याची किंमत कोणी आणि कोणत्या मापाने केली यावरच ठरत असते. म्हणून मूल्यनिर्धारणाच्या पद्धतींचा विचार हा साधनांच्या चिकित्सेचाच एक भाग मानला पाहिजे.

नाण्याच्या ठायी चार प्रकारचे मूल्य संभवते. पहिले धातुमूल्य, म्हणजे त्यातील सोन्याचांदीची वा तांब्याची किंमत. दुसरे चलनमूल्य, म्हणजे व्यवहारात ते ज्या भावाने स्वीकारले जात असे तो भाव. तिसरे संग्रहमूल्य, म्हणजे संग्राहक त्यासाठी जी रक्कम मोजावयास तयार होतो ती. चौथे साक्ष्यमूल्य, म्हणजे भूतकाळाविषयी ते नाणे जी साक्ष देऊ शकते तिचे मोल. पहिल्या तिहींना तराजू, बाजार आणि लिलाव अशी मापे आहेत. चौथ्याला मापच नाही, आणि नेमके तेच सर्वांत सहज नष्ट होणारे आहे. हे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात मुख्यतः छत्तीसगढातील नाणेनिधींच्या आधारे मांडावयाचे आहे.

या प्रदेशाची निवड सहेतुक आहे. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार केला. पुढे सुभेदारांची राजवट, १८१८ नंतरची इंग्रजी देखरेख, १८३० मध्ये पुन्हा भोसल्यांकडे आलेला अंमल आणि १८५४ मधील खालसा असा हा क्रम आहे. राजधानी रतनपुराहून रायपुरास आली तीही याच काळात, १८१८ मध्ये. शंभराहून अधिक वर्षे नागपूरच्या दफ्तराशी जोडल्या गेलेल्या या भूमीत नाण्यांचे अनेक महत्त्वाचे निधी सापडले, आणि त्यांचे वाचन करणाऱ्यांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारखे मराठी विद्वान अग्रभागी होते.

पारखीची परंपरा

नाण्याची पारख हा आपल्याकडे फार जुना आणि जबाबदारीचा व्यवसाय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर देखरेख करणाऱ्या लक्षणाध्यक्षाबरोबरच, चलनातील नाणी तपासणाऱ्या रूपदर्शकाचीही स्वतंत्र योजना आहे. याज्ञवल्क्यस्मृती याहून एक पाऊल पुढे जाते. खऱ्या नाण्याला खोटे आणि खोट्याला खरे ठरविणाऱ्या नाणकपरीक्षकाला ती उत्तम साहसाचा, म्हणजे सर्वांत जबर श्रेणीचा, दंड सांगते. किंमत करणे हे केवळ मत देणे नसून त्याबद्दल जाब द्यावा लागतो, ही जाणीव त्या नियमामागे आहे.

मराठी भाषेत ही परंपरा शब्दाशब्दांत मुरलेली दिसते. कसाला लागणे, वाजवून घेणे, खणखणीत नाणे, बावनकशी सोने, आपलेच नाणे खोटे निघणे, ही सारी पारख्याच्या दुकानातील भाषा आहे. ख्यातनाम मनुष्याला आपण ‘नाणावलेला’ म्हणतो. सरकारी खजिन्यात भरणा होणारे नाणे पारखून घेणारा तो पोतदार. ते आज केवळ आडनाव उरले असले, तरी मराठेशाहीत ते एक आवश्यक पद होते. ‘बट्टा’ हा शब्द तर विशेष विचारार्ह आहे. आज बट्टा नावाला लागतो. परंतु मुळात तो नाण्याला लागत असे. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलुखात घेताना, अथवा झिजलेला रुपया नव्याच्या बरोबरीने मांडताना, जी रक्कम कापून घेतली जाई ती बट्टा होय.

बट्ट्याची ही गरज समजण्यासाठी त्या काळचे चलन ध्यानात घेतले पाहिजे. अठराव्या शतकात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत असत. प्रत्येकाचे वजन, कस आणि झीज निराळी. नागपूरकर भोसल्यांच्या टांकसाळीतून निघणाऱ्या नाण्यांवरही लेख फारसी आणि नाव मोगल बादशहाचे असे. नाणे कोणत्या टांकसाळीचे हे सांगणारी खूण बारीक असे आणि ती ओळखणे हेच सराफाचे कसब होते. म्हणजे रुपया हा शब्द एक असला तरी त्याची किंमत गावागणिक आणि सालागणिक बदलत होती.

त्यातच कवडी होती. मालदीव बेटांतून बंगालच्या उपसागरामार्गे येणारी ही कवडी ओडिशात इतकी रुजली होती की १७५१ ते १८०३ या भोसल्यांच्या अमलात तेथील महसूलही मोठ्या प्रमाणावर कवड्यांत मोजला जात असे. ऐंशी कवड्यांचा एक पण आणि सोळा पणांचा, म्हणजे १,२८० कवड्यांचा, एक कहन. नागपूर आणि कटक यांना जोडणारी वाट छत्तीसगढातूनच जात असल्याने रुपया आणि कवडी या दोन मूल्यव्यवस्थांच्या सांध्यावर हा मुलूख उभा होता. इंग्रजांनी ओडिशा घेतल्यावर महसूल चांदीत मागण्यास प्रारंभ केला आणि रुपयास चार कहन, म्हणजे ५,१२० कवड्या, हा दर धरला. बाजारात मात्र रुपयासाठी याहून पुष्कळ अधिक कवड्या मोजाव्या लागत. ज्या शेतकऱ्याच्या घरी कवड्याच होत्या, त्याच्यावरील सारा अशा रीतीने कागदावर न वाढता प्रत्यक्षात वाढला. १८१७ च्या पाइक उठावाच्या कारणांत या चलनबदलाची गणना केली जाते. मूल्य ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो, हे यावरून स्पष्ट होते. ‘कवडीमोल’ हा शब्द आज आपण तुच्छतादर्शक म्हणून वापरतो. कवडीला मोल होते त्या काळाची आठवण त्यातून पुसली गेली आहे.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने एकरूप रुपया सुरू केला. वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन अथवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हा रुपया जसजसा पसरला तसतशी संस्थानी व प्रांतिक नाणी चलनातून उतरली आणि मोडीत निघाली. ‘मोडीत काढणे’ हाही सराफीतलाच वाक्प्रयोग आहे. आज जी नाणी दुर्मिळ म्हणून गौरविली जातात त्यांतील कित्येकांची दुर्मिळता या वितळण्यातूनच आलेली आहे.

संग्रहमूल्याचे घटक

संग्राहकाच्या बाजारात किंमत कशाने ठरते, याविषयी सर्वसामान्य समजूत अशी की नाणे जितके जुने तितके ते महाग. ही समजूत टिकणारी नाही. इसवी सनापूर्वीच्या आहत नाण्यांचे निधी हजारांच्या संख्येने सापडले आहेत; आंध्रातील अमरावतीच्या एका निधीतच सात हजारांहून अधिक नाणी होती. म्हणून दोन हजार वर्षांचे सामान्य प्रकारचे आहत नाणे विसाव्या शतकातील एखाद्या रुपयापेक्षा स्वस्त असू शकते. शिवछत्रपतींच्या तांब्याच्या शिवराईचे उदाहरण तर मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. शिवराई शतकाहून अधिक काळ पाडली गेली आणि चालली, त्यामुळे ती आजही विपुल मिळते. शिवरायांचा सोन्याचा होन मात्र मोजक्याच संख्येने ज्ञात आहे. दोन्हींवर लेख तोच, परंपरा तीच. मोलात मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे.

नाण्यावरील सालही नेहमी विश्वसनीय नसते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८४० हे साल १८६२ पर्यंत तसेच राहिले आणि त्यानंतर १८६२ हे सालही पुढे कित्येक वर्षे कायम ठेवले गेले. अशा नाण्यांत साल एकच दिसले तरी साच्यातील बारकावे निरनिराळे असतात आणि किंमत त्या बारकाव्यांवर ठरते. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची कथा प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची आकृती लोकांना डुकरासारखी भासली, त्यावरून असंतोष झाला आणि पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी जेमतेम ७ लाख चलनात गेल्यावर उरलेले वितळविण्यात आले. पुढील वर्षी हत्तीची सोंड स्पष्ट करून नवा साचा वापरण्यात आला. या रुपयाला आज जी मागणी आहे ती त्याच्या चांदीमुळे नव्हे. एका चुकीमुळे आणि त्या चुकीच्या दुरुस्तीमुळे ती निर्माण झाली.

धातूची तपासणी ही तरीही पहिली पायरी राहते. सहाव्या जॉर्जच्या रुपयांवर राजाचा मुखवटा सारखाच आहे. परंतु १९३९ पर्यंतच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, १९४० नंतरच्या रुपयात निम्मी म्हणजे ५.८३ ग्रॅम, आणि १९४७ च्या रुपयात निकेलच. चांगले नाणे लोक साठवितात किंवा वितळवितात आणि हलके नाणे तेवढे फिरते ठेवतात, हा अर्थशास्त्रातील नियम येथे डोळ्यांसमोर घडतो. १९३९ च्या रुपयाची दुर्मिळता याच नियमाची साक्ष आहे.

तिसरा घटक नाण्याच्या स्थितीचा. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी एक ते सत्तर अशी गुणश्रेणी मांडली. तीच पुढे जगभर रूढ झाली. या श्रेणीच्या मागे साधा विचार आहे: नाण्याचा मूळ पृष्ठभाग किती शिल्लक आहे? त्यामुळे चिंच, लिंबू किंवा राख लावून नाणे लखलखीत करणे हा त्याच्यावरील सर्वांत मोठा अन्याय ठरतो. लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडण्यासाठी दरवर्षी घासली गेलेली नाणी श्रद्धेने जपली गेली हे खरे. परंतु त्या जपणुकीतच त्यांचा पृष्ठभाग झिजला. मराठाकालीन रुपयांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. साचा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे लेखाचा थोडाच भाग उमटे. टांकसाळीचे नाव अथवा साल ज्या नाण्यावर पूर्ण उमटले असेल त्याची किंमत साहजिकच अधिक. कारण ते नाणे स्वतःची ओळख स्वतःच सांगते.

दागिन्यात गेलेल्या नाण्यांचा विचारही येथे केला पाहिजे. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटला मराठीत ‘पुतळी’ म्हणत आणि पुतळ्यांची माळ हा दागिना त्यावरूनच आला. छत्तीसगढी स्त्रियांच्या ‘पुतरी’ या गळ्यातल्या दागिन्याचे नाव त्याचेच भावंड वाटते. चांदीच्या रुपयांची माळही येथील ग्रामीण भागात आवडीने घातली जात असे. अशा नाण्याला नाके डाक देऊन जोडलेले असते. संग्राहकाच्या दृष्टीने हा दोष असून त्यामुळे किंमत एकदम उतरते. समाजेतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या नाक्यातच एक माहिती दडलेली आहे: परकी अथवा सरकारी चलन स्त्रीधनात कसे रूपांतरित झाले, आणि अडीअडचणीला तेच स्त्रीधन पुन्हा चलनाकडे कसे वळले. एका मापाने जे वैगुण्य ते दुसऱ्या मापाने वैशिष्ट्य ठरते.

बनावट नाण्यांचा सुळसुळाट हा या बाजाराचा स्थायी भाग आहे. रामदरबाराची किंवा हनुमंताची आकृती, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८, १७१७ किंवा चक्क १६१६ असे साल असलेली पितळी वा तांब्याची ‘नाणी’ गावोगावी दाखविली जातात आणि त्यांत अलौकिक शक्ती असल्याचे सांगून भोळ्या लोकांना लुबाडले जाते. कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. देवप्रतिमा असलेली पदके व टाक पूजेसाठी होत असत, ही गोष्ट वेगळी. त्यांवर कंपनीचे नाव घालणे ही अलीकडची करामत आहे. शिवरायांच्या होनाच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर फिरतात. वजन, नाद, कडेवरील ओतकामाच्या खुणा आणि अक्षरांचे वळण पाहणे ही जुनीच परीक्षा येथे आजही उपयोगी पडते.

साक्ष्यमूल्य : एक नाणे आणि एक निधी

येथपर्यंत ज्या घटकांचा विचार केला ते सारे सुट्या नाण्याला लागू पडतात. साक्ष्यमूल्य मात्र बहुधा नाण्याच्या आत नसते. ते त्याच्या भोवती असते. नाणे कोठे, कशात, कोणत्या इतर नाण्यांसह आणि किती संख्येने सापडले, यावर ते अवलंबून राहते. महाराष्ट्रातील एका उदाहरणाने हे प्रथम स्पष्ट करू. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उठविलेला होता. यांतील एखादे नाणे एकटे हाती आले असते तर तो एक चमत्कार मानला गेला असता. हजारो नाण्यांचा तो समूह आणि त्यातील पुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण, यांमुळेच गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता व तिचे चलन ताब्यात घेतले हे निःसंदिग्धपणे सांगता आले. निधी वाटून विकला असता तर नाणी उरली असती, पुरावा उरला नसता.

आता छत्तीसगढाकडे वळू. सातवाहनांचाच एक दुवा येथेही आहे. महानदीच्या काठी बालपूर येथे राहणारे पंडित लोचनप्रसाद पांडेय हे मूळचे कवी. परंतु महाकोशल इतिहास समितीच्या द्वारे त्यांनी या प्रदेशातील ताम्रपट, शिलालेख आणि नाणी यांच्या शोधाला वाहून घेतले. बालपूरजवळ मिळालेल्या तांब्याच्या एका नाण्यावर ‘अपीलक’ हे नाव वाचले गेले. या सातवाहन राजाचे नाव तोपर्यंत केवळ पुराणांतील वंशावळीत होते. त्या एका तांब्याच्या तुकड्याने ते पुराणांतून इतिहासात आणले. एका सुट्या नाण्यावरून सातवाहनांची सत्ता महानदीपर्यंत होती असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. नाणी व्यापाराबरोबरही प्रवास करतात. सिरपूरच्या उत्खननात चीनच्या तांग राजवटीचे नाणे मिळाले म्हणून तेथे चिन्यांचे राज्य होते असे कोणी म्हणणार नाही. तथापि, नाव प्रमाणित झाले आणि स्थळ निश्चित झाले, एवढे कार्य त्या नाण्याने निर्विवादपणे केले. त्यातील तांब्याची किंमत काय होती, हा प्रश्न येथे विचारण्याचीही गरज नाही.

दुसरे उदाहरण बस्तरचे. १९३९ मध्ये कोंडागाव तहसिलीतील एडेंगा येथे ३२ सुवर्णनाणी मिळाली. मिराशींनी ती प्रसिद्ध केली. त्यांवर बसलेला वृषभ, चंद्रकोर आणि वराहराज, भवदत्त व अर्थपती या नल राजांची नावे होती. यांतील भवदत्त याचा ताम्रपट विदर्भातील ऋद्धपूर येथे मिळालेला आहे आणि तो रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून दिलेला आहे. ज्या ऋद्धपुराला पुढे महानुभावांच्या वाङ्मयाने मराठीच्या इतिहासात अढळ स्थान दिले, त्याच गावचा ताम्रपट आणि बस्तरच्या अरण्यातील नाणी परस्परांना पुष्टी देतात. वाकाटकांच्या मुलुखात शिरलेली ही सत्ता बस्तरशी कशी जोडली जाते, हे या दोन साधनांना एकत्र ठेवल्यावर कळते. वराहराज हे नाव तर मुख्यतः या नाण्यांमुळेच आपल्याला ठाऊक झाले. ती नाणी अत्यंत पातळ आणि वजनाने हलकी आहेत. सारी मिळून वितळविली असती तर हाती काही थोडे तोळे सोने आले असते आणि एक राजा इतिहासातून कायमचा नाहीसा झाला असता.

तिसरे उदाहरण महेंद्रादित्याच्या नाण्यांचे. तत्कालीन रायपूर जिल्ह्यातील खैरताल आणि राजिमजवळील पितईबंद येथे या नावाची सुवर्णनाणी निधिरूपाने मिळाली. पातळ पत्र्यावर मागून ठोकून पुढे उठाव आणलेली ही एकमुखी नाणी असून त्यांवर पंख पसरलेला गरुड, शंख, चक्र आणि पेटिकाशीर्ष अक्षरांतील लेख आहे. ‘महेंद्रादित्य’ हे गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताचे बिरुद असल्याने काही विद्वानांनी ती त्याची अथवा त्याच्या मांडलिकाची मानली. इतरांनी ती शरभपुरीय घराण्याशी संबंधित स्थानिक राजाची मानली. हा वाद केवळ लेखावरून सुटणारा नाही. नाणी दक्षिण कोसलात आणि त्याला लागून असलेल्या ओडिशात सापडतात, गुप्तांच्या मूळ प्रदेशात नव्हे, ही गोष्टच स्थानिक कर्तृत्वाच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद पुरविते. हे नाणे उद्या प्राप्तिस्थळाच्या नोंदीशिवाय एखाद्या मोठ्या शहरातील लिलावात आले तर संग्राहक त्याला चांगली किंमत देईल. परंतु ज्या प्रश्नाच्या संदर्भात त्याची साक्ष हवी होती त्या प्रश्नापुरते ते मुके झालेले असेल.

चौथे उदाहरण रतनपूरच्या कलचुरींचे आहे. १९२१ मध्ये तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातील सोनसरी येथे सुमारे ६०० सुवर्णनाण्यांचा निधी मिळाला. जाजल्लदेव, रत्नदेव आणि पृथ्वीदेव यांची ही नाणी एका बाजूस हत्तीवर झेपावणारा शार्दूल आणि दुसऱ्या बाजूस नागरी लेख अशी आहेत. अडचण अशी की या घराण्यात दोन जाजल्लदेव, दोन पृथ्वीदेव आणि तीन रत्नदेव होऊन गेले, आणि नाण्यांवर ना क्रमांक ना साल. मिराशींसारख्या अभ्यासकांनी ती पहिला जाजल्लदेव, दुसरा रत्नदेव आणि दुसरा पृथ्वीदेव या लागोपाठच्या राजांची मानली. अशा निश्चितीला आधार मिळतो तो एकाच निधीत कोणती नाणी सोबत आली आणि त्यांचे प्रमाण काय होते यातून. येथेही निधी हेच खरे साधन. सुटे नाणे हा त्यातून फाडलेला एक कागद.

कायद्याचे गणित

ही नाणी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण कोणीतरी ती वितळविली नाहीत आणि कोणीतरी त्यांची नोंद केली. या दोन्ही क्रिया घडाव्यात यासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अस्तित्वात आला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, चौकशीअंती ते बेवारस ठरल्यास शोधकास द्यावे, जमीनमालकाचा हक्क असल्यास तीन चतुर्थांश शोधकास आणि एक चतुर्थांश मालकास मिळावे, न कळविल्यास हक्क जाऊन शिक्षा व्हावी, अशी त्याची योजना आहे. शासनास तो निधी स्वतःकडे घ्यावयाचा असल्यास त्या कायद्याच्या सोळाव्या कलमान्वये मोबदला द्यावा लागतो. तो किती? तर त्यातील धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश.

या तरतुदीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. कायदा धातुमूल्यात वीस टक्क्यांची भर घालून थांबतो. संग्रहमूल्य त्याला ठाऊक नाही आणि साक्ष्यमूल्य तर नाहीच. १८७८ मध्ये, संग्राहकांचा बाजार अत्यल्प असताना, हा नियम कदाचित उदारही वाटला असेल. आज मात्र त्याचा परिणाम उलट होतो. शेत नांगरताना सोन्याची पाच नाणी सापडलेल्या माणसापुढे तीन वाटा असतात. सराफ गुपचूप धातूची किंमत देतो. दलाल त्याहून अधिक देतो. शासन दीर्घ चौकशीनंतर धातूची किंमत आणि एक पंचमांश देते. प्रामाणिकपणाची वाट सर्वांत लांब आणि जवळजवळ सर्वांत कमी लाभाची असेल, तर अपराधाचे खापर केवळ त्या शेतकऱ्यावर फोडणे न्याय्य नाही. तांब्याच्या नाण्यांची स्थिती याहून बिकट आहे. धातूच्या मापाने बालपूरच्या अपीलकासारखे एखादे नाणे दहा रुपयांची मर्यादाही गाठणार नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या निधी कायद्यान्वये स्वतंत्र समिती बाजारभावाने मूल्यांकन करते आणि संग्रहालयाला वस्तू घ्यावयाची असल्यास त्या भावाने शोधक व जमीनमालक यांना मोबदला मिळतो. त्याच्या जोडीला १९९७ पासून, निधीच्या व्याख्येत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचीही प्राप्तिस्थळासह स्वेच्छेने नोंद करण्याची योजना चालविली गेली. ती व्यवस्था जशीच्या तशी येथे उचलून आणावी असे सुचविण्याचा हेतू नाही. मोठ्या रकमेच्या आशेने प्राचीन टेकाडे खणली जाण्याचा धोका आपल्याकडे अधिक आहे. परंतु शोधकाला वस्तूइतकेच माहितीसाठीही गौरवावे, हे त्यामागील तत्त्व घेण्याजोगे आहे.

१९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला पुरावस्तू मानले आणि तिच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यामुळे देशाबाहेर जाणारा ओघ रोखण्याचे साधन मिळाले. देशातल्या देशात, गावातून शहराकडे जाताना होणारी माहितीची गळती मात्र त्याने थांबलेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी मांडता येतात. नाण्याचे धातुमूल्य कोणत्याही दिवशी तोलून सांगता येते. चलनमूल्य त्या त्या काळच्या बट्ट्याच्या आणि विनिमयाच्या दरांतून पुन्हा उभे करता येते. संग्रहमूल्य दुर्मिळता, स्थिती आणि मागणी यांनुसार वाढते वा घटते. आज उतरलेली किंमत उद्या चढू शकते. साक्ष्यमूल्य मात्र एकदा गेले की परत येत नाही, कारण प्राप्तिस्थळ मागाहून शोधता येत नाही.

म्हणून जुन्या नाण्याचे मूल्यांकन करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सराफ असो, संग्राहक असो वा अधिकारी असो, भाव सांगण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवण्याची शिस्त अंगी बाणविली पाहिजे: वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, प्राप्तिस्थळ आणि सोबतच्या नाण्यांची संख्या. यास खर्च जवळजवळ नाही. रायपूरच्या सदर बाजारासारख्या पेठांतील सराफांना ब्राह्मी, पेटिकाशीर्ष, नागरी आणि फारसी लेखांची तोंडओळख करून देणारे लहान वर्ग संग्रहालयांनी चालवावेत. मोडीसाठी आलेले नाणे सर्वप्रथम त्यांच्याच हाती पडते. १८७५ मध्ये राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या वास्तूत गेलेले येथील संग्रहालय हे या कामाचे स्वाभाविक केंद्र होऊ शकते. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या संस्थांचे साहाय्यही त्यासाठी घेता येईल. कायद्यातील एक पंचमांशाचे गणित बदलणे हे विधिमंडळाचे काम आहे. तोपर्यंत निधीची माहिती देणाऱ्या माणसाचे नाव संग्रहालयाच्या फलकावर त्याच्या संमतीने लिहिणे एवढे तरी करता येईल.

भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकांचाही यात वाटा आहे. भोसलेकालीन मोडी कागदांत रुपयांच्या जाती, बट्ट्याचे दर आणि कवड्यांचे हिशेब येतात. ते वाचून त्यांची सूची करणे हे नाणकशास्त्रज्ञाला एकट्याने जमणारे काम नव्हे. लोचनप्रसाद पांडेय कवी होते आणि मिराशी संस्कृतचे प्राध्यापक. छत्तीसगढाच्या नाण्यांना प्रथम बोलते केले ते अक्षरांशी सख्य असलेल्या अशाच माणसांनी. याज्ञवल्क्याने खोटी पारख करणाऱ्याला दंड सांगितला होता. अपुरी पारख करणाऱ्याला कोणताही दंड नाही. तिची भरपाई इतिहासाला करावी लागते.